एक बाही कानपूरची

बाई माणसाला भेटल्या की आधी त्याचे कपडे उलटे करायच्या. अंगातून काढून नाही, पण कॉलर धरून आतली बाजू बाहेर ओढायच्या, बाहीची किनार दुमडून शिलाई पाहायच्या आणि मग तोंड वाकडं करायच्या. ओळखीचा-अनोळखी असा भेद नव्हता. माझ्या सासूची नि त्यांची पहिली भेट झाली तेव्हा नमस्कार करायच्या आधी बाईंनी तिच्या ब्लाउजची बाही उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "टेलरनं तुमाले फसवलं माय. आत कापडच सोडलं नाही त्यानं. उद्या अंग भरलं तं काय करसान?" सासूबाई घरी येईपर्यंत धुमसत होत्या. त्यानंतर त्यांनी बाईंना कधी नावाने ओळखलं नाही, "ते चामडेवाली" एवढंच म्हणायच्या.

भिलाईच्या सिविक सेंटरच्या बाजारात एकदा मी त्यांच्यासोबत मशिनीच्या सुया घ्यायला गेले होते. रस्त्यात एका मोठ्या दुकानाच्या काचेमागे पुतळ्याला चामड्याचं जॅकेट घातलेलं दिसलं. झालं. बाई आत शिरल्या, पुतळ्याच्या अंगातून ते जॅकेट उतरवलं, उलटं केलं आणि काउंटरवर आपटलं. "ये चमड़ा है?" मालकाला म्हणाल्या, "ये तो चमड़े का फोटो है."

मालक म्हणाला, "मैडम, लेना है तो लीजिए."

"लेना नहीं है, देखना है," असं म्हणून बाईंनी बाहीच्या आतल्या शिलाईत करंगळीचं नख घातलं आणि ती टरकन उसवून दाखवली. पुढे जो तमाशा झाला तो रस्त्यापलीकडच्या बँकेतले लोक बाहेर येऊन पाहत होते. मी लाजेनं मरत होते. बाहेर आल्यावर बाई माझ्यावरच उखडल्या, "तू कावून मान खाली घालून उभी होती? चोरी त्यानं केली की आपण?"

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा ठेवली, तेव्हा एका गृहस्थांनी सांगितलं की बाई फार प्रेमळ होत्या. मला उठून निघून जावंसं वाटलं. प्रेमळ कुठल्या? त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या आमच्यातली एकही अशी नाही जी बाईंच्या शेडमागे जाऊन रडली नसेल. दुसरे एक म्हणाले की वडिलांच्या युद्धातल्या कोटावर बाईंचा भारी जीव होता, पण म्हातारपणी डोकं फिरलं आणि स्वतःच त्याच्यावर रंग फासून बसल्या. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. डोकं फिरलं म्हणे. कोणाचं डोकं ठिकाणावर होतं आणि कोणाचं फिरलं होतं हे मला चांगलं माहीत आहे, आणि ते आठवलं की अजून माझं रक्त तापतं.

भिलाईतच रुआबांधा वस्तीत बाईंच्या घरामागे टिनाचं शेड होतं. त्यात कातडं कापायचं लांब टेबल, चामड्यावर चालणाऱ्या जड मशिनी आणि आम्ही पाच-सहा जणी. वेल्डिंगवाल्यांचे आणि गॅस कटरवाल्यांचे हातमोजे, एप्रन, पायाला बांधायची गार्डं असा माल आम्ही शिवायचो. बाई रेल्वेवाल्या घरातल्या, मूळच्या नागपूरकडच्या. लग्न केलं नव्हतं. वडील युद्धात फौजेचा ट्रक चालवायचे आणि नंतर दुर्गच्या लाइनवर इंजिन. चांगल्या घरची पोरगी चामड्यात हात घालते म्हणून नातेवाइकांनी त्यांच्याकडे जेवणं सोडलं होतं. बाईंना त्याचं दुःख नव्हतं, चीड होती. "लेदरची पर्स काखेत मारून येतेत अन् माझ्या घरचं पानी नाही पेत," म्हणायच्या. "पर्स काय झाडाले लागते का?"

माझ्या घरी वेगळं नव्हतं. मी कामावरून आले की सासूबाई मला दारातूनच न्हाणीत पाठवायच्या, अंगावर पाणी घेतल्याशिवाय चुलीजवळ जाऊ द्यायच्या नाहीत. माझ्या पगारातून आणलेलं तेल मात्र थेट चुलीजवळ जायचं. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर घरात आठ दिवस अबोला होता.

कामाला लागले तेव्हा माझी परीक्षा त्या कोटावर झाली. भिंतीवर मोठ्या खिळ्याला जाड लाकडी हँगरवर तो टांगलेला असायचा, वरून जुन्या धोतराचं कापड. बाई म्हणाल्या, "हात धू." मी धुतले. "पूस." मी पुसले. मग त्यांनी कापड बाजूला केलं आणि म्हणाल्या, "दोन्ही बाह्यांत हात घाल. एक बाही कानपूरची हाय, एक माझी. सांग कोनती कोनाची."

मी पुष्कळ चाचपलं. बाहेरून पाहिलं, आतून पाहिलं. शेवटी डावी कानपूरची असं ठोकून दिलं. ते चूक होतं. बाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला वाटलं आता हाकलतात, पण त्या म्हणाल्या, "उद्यापासून ये." पुढे कळलं की जी बरोबर सांगायची तिला त्या ठेवायच्याच नाहीत.

तो कोट दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत फौजेसाठी कानपूरला शिवलेला होता. काळपट तपकिरी, गुडघ्यापर्यंत लांब, अंगात घातला की खांद्यावर कोणी बसल्यासारखा जड. पाठ पूर्ण एका कातड्याची, मध्ये कुठे जोड नाही. कडा दुमडायच्या आधी आतून चांभाराच्या रापीने सोलून पातळ केलेल्या, म्हणून दुमड जाड येत नाही. शिलाई मेण लावलेल्या तागाच्या दोऱ्याची, दुहेरी. जोडावरची पट्टी अशी खाली वळवलेली की वरून पाणी पडो की ठिणगी, ती शिलाईत अडकू नये, घसरून खाली जावी. प्रत्येक बटणामागे आतून एक चिमुकलं दुसरं बटण, म्हणजे ओढ बसली तर ती त्या बटणावर बसावी, कातडं फाटू नये. काखेत हवेसाठी पितळी भोकं. कॉलरच्या पोटात नागमोडी शिलाईच्या ओळी होत्या. त्या कोणाला दिसत नसत, पण त्यांच्या जोरावर इतक्या वर्षांत कॉलर पडली नव्हती.

वडील गेल्यावर बाईंनी त्या कोटाची डावी बाही उसवली. शिकायला. एकेक टाका काढायचा, तो कसा गेला होता ते पाहायचं आणि जुन्याच भोकातून तसाच परत घालायचा. आरी कशी धरायची ते दुर्गच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या चांभाराने शिकवलं. बाही लागली की उसवायची, परत लावायची. असं किती वेळा केलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. भावाने म्हटलं, बापाची निशाणी खराब करून राहिली तू. बाईंनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

बाही जमल्यावर मात्र कोटाला कोणी हात लावायचा नाही. बाई स्वतःसुद्धा घालायच्या नाहीत. विश्वकर्मा पूजेला भिलाईत सगळ्या मशिनींना हार पडतात तसे आमच्याही पडायचे, आणि मशिनीशेजारी पाटावर कोट ठेवला जायचा. वर्षातून एकदा त्याला एरंडेल चोळायचं, तेही बाईंनीच. आम्ही दुरून पाहायचो.

आणि कामावर? कामावर बाई म्हणजे छळ. मागून येऊन उभ्या राहायच्या, हातातला माल उलटा करायच्या आणि म्हणायच्या, "आतून पाय. बाहेरून तं सगळेच चांगले दिसतेत." मग "उसव." दिवसभराचं काम संध्याकाळी उसवायला लावायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "बाई, हातमोजाच आहे ना, मजुराच्या हातात जाणार, कोण पाहते आतून?" बाईंनी माझा हात धरला, तो त्याच मोज्यात घातला आणि बोटांच्या बेचक्यातली जाड शिलाई माझ्या चामडीवर दाबली. "हा पाहते," म्हणाल्या, "दिवसभर पाहते." मला इतका राग आला की दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर मोजा तसाच माझ्या मशिनीवर पडलेला. उसवायचा बाकी.

माझा नवरा गॅस कटर. उतई रोडवर एका ठेकेदाराचं यार्ड आहे, तिथं जुनं लोखंड कापायचं काम. हातात पेटती टॉर्च, तिच्यातून दिवसभर ठिणग्या आणि वितळलेल्या लोखंडाचे थेंब उडतात. अंगात काय, तर जुना सुती शर्ट आणि दंडाला गुंडाळलेला ओला बारदाना. यार्डातले सगळे असेच. मग वरून कुठूनतरी तंबी आली की कटरवाल्यांना चामड्याची जॅकेटं द्या, आणि ठेकेदार बाईंकडे आला. त्याला पातळ कातडं आणि नायलॉनचा दोरा पाहिजे होता. बाईंनी नायलॉनचा एक तुकडा घेतला, काडी पेटवून खाली धरली, तो वितळून टेबलावर टपकला. "ये तुम्हारे आदमी के कंधे पे टपकेगा," म्हणाल्या. ठेकेदार कुरकुरला, पण त्याला घाई होती, दुसरं कोणी इतक्या लवकर देत नव्हतं. बाईंना पाहिजे तशी ऑर्डर मिळाली.

बाईंनी तो कोट टेबलावर आडवा टाकला आणि त्याच्यावरून जॅकेटं बेतली. लांबी कमरेपर्यंत, बाकी सगळं कानपूरचं. पाठ एका कातड्याची. पट्टी खाली वळवलेली. बटणामागे बटण. त्या महिन्यांत आमची बोटं सुजली, शिव्या खाल्ल्या, उसवलं, परत शिवलं. पण जॅकेटं अशी झाली की आम्ही एकमेकींना घालून पाहायचो. नवऱ्याच्या मापाच्या जॅकेटला मी बाईंशिवाय कोणाला हात लावू दिला नाही. त्याने घरी आणून घातलं तेव्हा सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "साहेब दिसून राहिला." चामड्याचा विटाळ त्या दिवशी कोणाला आठवला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, जुना सुती शर्ट घालून, बारदाना गुंडाळून.

मी म्हटलं, "अहो, जॅकेट राहिलं."

"राहू दे," म्हणाला. "एवढं चांगलं जॅकेट आगीत कोन घालते वं? ठेकेदारानं सांगतलं हाय, एकदाच भेटन. जळलं तं दुसरं काय त्याचा बाप देईन?"

मी भांडले. रोज भांडले. त्याने जॅकेट प्लास्टिकच्या कव्हरात घातलं, खिशात डांबरगोळी टाकली आणि कपाटात टांगलं. दुर्गला माझ्या भावाचा साखरपुडा होता, तेव्हा ते घातलं. सगळ्यांनी विचारलं कुठून घेतलं. तो कॉलर सावरत फिरत होता आणि मी जळत होते. त्या एका नवऱ्याचीच गोष्ट असती तर त्याला बेअक्कल म्हणून सोडून दिलं असतं. पण यार्डातल्या सगळ्यांनी हेच केलं. गरिबाच्या घरी पहिल्यांदा एखादी चांगली गोष्ट आली की ती वापरायची नसते, ठेवायची असते, हे आम्हाला कोणी शिकवलं देव जाणे. ज्याने शिकवलं त्याला मी शिव्या देते.

बाई बिचाऱ्या यार्डातला कोणी रस्त्यात भेटला की विचारायच्या, "जॅकेट कसं काय?" तो म्हणायचा, "एक नंबर, मैडम." बाई खूश.

एक दिवस कापलेल्या तुळईतून लाल गोळा उडाला आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर येऊन बसला. बारदाना तोवर वाळला होता. शर्ट पेटला. उजवा खांदा, दंड आणि मानेचा काही भाग भाजला. जीव वाचला, पण हात वर उचलेल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. कटरवाल्याचा उजवा हात गेला म्हणजे घर गेलं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. दवाखान्यात मी रडले नाही, मला फक्त संताप येत होता. त्याचा, ठेकेदाराचा, त्या कपाटाचा.

तो घरी आला त्या दिवशी सकाळीच बाई आल्या. चप्पल काढली नाही, पाणी घेतलं नाही. त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "जॅकेट आन."

"बाई, आधी बसा तं."

"आन म्हटलं ना. कोनती शिलाई गेली ते पाहू दे. खांद्याची गेली का? खांदा तू लावला होता की मी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतके दिवस बाईंना वाटत होतं की शिलाई उसवली आणि माणूस भाजला. पुढे शेडमधल्या बाया म्हणाल्या की त्या दिवसांत बाईंनी पुढच्या खेपेसाठी तयार असलेलं एकेक जॅकेट खांद्यातून उसवून पाहिलं होतं. जेवल्या नव्हत्या धड.

मी कपाट उघडलं. प्लास्टिकचं कव्हर काढताना डांबरगोळी खिशातून निसटली आणि फरशीवर घरंगळत गेली. बाईंनी जॅकेट माझ्या हातून घेतलं आणि उलटं केलं. खांद्याच्या शिलाईवरून बोट फिरवलं, पुढून फिरवलं, मागून फिरवलं. मग सुलट केलं. एक डाग नव्हता. नाकाशी नेऊन वास घेतला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"हे काय हाय?"

"बाई, ते… कामावर नव्हतं घातलं."

"कावून?"

नवरा खाली पाहत म्हणाला, "इतकं चांगलं होतं बाई. आगीत घालायची हिंमत नाही झाली."

आमच्या नवऱ्यांना बाई जावई मानायच्या, अहोजाहो करायच्या. त्या दिवशीही ते सुटलं नाही. पट्ट्या बांधलेल्या माणसासमोर उभ्या राहून ओरडल्या, "जवाईबापू, तुमी भैताड हा का? कपाटासाठी शिवलं होतं मी हे? तुमची चामडी सस्ती झाली अन् म्हशीची महाग झाली?"

सासूबाई मध्ये पडल्या, "आजारी मानसाले कोनी असं बोलते का?"

"आजारी असता तं मोसंब्या घेऊन आली असती," बाई म्हणाल्या. "हा भाजला हाय. घरात जॅकेट ठेवून भाजला हाय."

मला बाईंचा राग आला. माझ्या घरात येऊन माझ्या भाजलेल्या नवऱ्याला बोलत होत्या, आणि जे बोलत होत्या ते सगळं मीच इतके दिवस बोलत आले होते, म्हणून जास्त राग आला. बाई निघाल्या तेव्हा जॅकेट खुर्चीवर फेकून गेल्या.

मग त्या यार्डातल्या बाकीच्यांच्या घरी गेल्या. एकाकडे जॅकेट देवघराशेजारी टांगलेलं. एकाने पोरीच्या लग्नात जावयाला घालून पाठवलं होतं. एक जण थंडीत मोटरसायकलवर घालायचा. यार्डात एकही नव्हतं. तिथून बाई मला घेऊन ठेकेदाराकडे गेल्या. तो चहा पीत बसला होता.

बाई म्हणाल्या, "जलेगा तो दूसरा दोगे, इतना बोल दो सबको. फिर पहनेंगे."

"एक बार मिलता है मैडम," तो म्हणाला. "और गलती तो आपकी है. मजदूर के लिए बनाना था, आपने दूल्हे के लिए बना दिया." आणि हसला. शेजारी बसलेले दोघेही हसले.

माझी अपेक्षा होती की आता टेबल उलटं होणार. बाई वळून गाडीकडे चालू लागल्या. परतताना गाडीवर मागे बसून मी त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरत होते, तर बाई म्हणाल्या, "चूप बस. खरं बोलला हरामखोर."

पुढच्या खेपेची जॅकेटं, खांदे परत शिवून, शेडमध्ये तयार पडली होती. दुसऱ्या दिवशी बाई एक डबा घेऊन आल्या. धुराड्याला मारतात तो रुपेरी रंग, तापला तरी पेटत नाही असा. आधी कातड्याच्या तुकड्यावर लावून, त्याच्यावर टॉर्च फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "प्रत्येक जॅकेटच्या पाठीवर अन् छातीवर मोठी फुली मारा. कुंच्यानं. ओघळले तं ओघळू द्या. असं करा की कोनी हे घालून लग्नात गेला तं पोरं मागं लागली पायजे."

कोणी उठलं नाही. उतईहून येणारी एक छत्तीसगढी बाई होती, सगळ्यांत गरीब स्वभावाची, तीच म्हणाली, "अपन हाथ ले बनाय हँव बाई, अपन हाथ ले नइ बिगाड़ँव." आपल्या हातानं केलेलं आपल्या हातानं बिघडवणार नाही, असं मीसुद्धा म्हटलं. सुजलेल्या बोटांनी शिवलेलं, तुम्ही दहादा उसवायला लावलेलं, आणि आता त्याच्यावर रंग फासायचा? मी मोठ्यानं म्हटलं, "बाई, मग इतकं चांगलं शिवायला लावलं तरी कशाला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे गेल्या, धोतराचं कापड ओढून टाकलं आणि कोट खिळ्यावरून काढला. टेबलावर पालथा टाकला. तो लांबरुंद एका कातड्याचा पाठीचा भाग आमच्यासमोर पसरला होता, एरंडेलाने चमकत. कुंचा डब्यात बुडवून बाईंनी खांद्यापासून कमरेपर्यंत एक पट्टा ओढला. आमच्यातली एक जण किंचाळली. दुसरा पट्टा बाईंनी उलट्या बाजूने ओढला. फुली झाली, ओघळ खाली आले.

"बापानं हा चिखलात घातला होता," बाई म्हणाल्या. "थंडीत घातला, घामात घातला. म्हून तो वापस आला. मी त्याले पाटावर बसवलं, हार घातला. मी त्या यार्डवाल्यांपेक्षा काय शहाणी हाव? उचला कुंचे."

आम्ही उचलले. फुल्या मारताना उतईवाली रडत होती. आतून प्रत्येक जॅकेट तसंच होतं, बटणामागे बटण, पट्टी खाली वळवलेली. बाहेरून त्याचं भिकाऱ्याचं सोंग झालं. माझ्या नवऱ्याचं कपाटातलं जॅकेट मी स्वतः नेऊन रंगवलं, आणि खरं सांगते, तेव्हा मला फार बरं वाटलं.

तो कोट बाईंनी परत टांगला नाही. पुढे दर थंडीत पाठीवरच्या त्या फुलीसकट तो घालून भिलाईभर गाडीवर फिरल्या, आणि लोकांनी ठरवलं की म्हातारीचं डोकं फिरलं. आता कोट माझ्याकडे आहे. मागे रायपूरहून एक जण शोधत आला होता, जुन्या वस्तू जमवणारा. युद्धातला आहे, असलं काम आता होत नाही असं सांगत तो फार वेळ हात फिरवत होता. मग म्हणाला, "बस ये पेंट निकल जाता तो…" त्याला मी चहासुद्धा विचारला नाही, सरळ दार दाखवलं.

त्या वर्षी नवऱ्याचा खांदा सुधारायला पावसाळा उजाडावा लागला. हात वर जाऊ लागला, पूर्ण नाही, पण टॉर्च धरण्यापुरता. तो परत यार्डात लागला त्या दिवशी मी दारात उभी राहून त्याला जॅकेट घालायला लावलं, फुलीवालं. गल्लीतली पोरं हसली. तो माझ्यावर चिडून गेला. मला दिवसभर मशिनीवर धड टाका पडत नव्हता, बाईंनी दोनदा "उसव" म्हटलं.

संध्याकाळी तो घरी न जाता सरळ शेडमध्ये आला. दारातच उभा राहिला, आत येईना. जॅकेट त्याने काढून हातात धरलं होतं. उजव्या खांद्यावर, भाजला होता त्याच जागी, तळहाताएवढं कातडं जळून आखडलं होतं, काळं पडलं होतं. या वेळीही लाल गोळा तिथंच येऊन बसला होता. त्याचा स्वतःचा खांदा शर्टाखाली जसा होता तसा होता.

तो बाईंच्या समोर येऊन अपराध्यासारखा म्हणाला, "बाई, पहिल्याच दिवशी खराब झालं."

बाईंनी जॅकेट घेतलं. उलटं केलं नाही, शिलाई पाहिली नाही. जळलेल्या जागेवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"होऊ द्या जवाईबापू," म्हणाल्या. "दुसरं शिवू. तेही जाळून आना, मंग तिसरं शिवू. त्या ठेकेदाराच्या तोंडाकडे पाहू नका, मी शिवून देईन."

मग आमच्याकडे वळल्या आणि ओरडल्या, "काय पाहून राहिल्या? याचं माप घ्या."